दोन मांड्या, दोन सुया

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तू आलीस
भवानी पेठेतल्या प्रसूतिगृहात,
आणि मी तुला धड पाहायच्या आत
साळवे सिस्टरनी तुझ्या दोन्ही मांड्या मोकळ्या केल्या.

माझ्या फाइलवर लाल शाईत लिहिलं होतं.
पाचव्या महिन्यात कळलं: ब कावीळ.
डोळे पिवळे नाहीत, नखं पिवळी नाहीत,
रक्तात मात्र कुणी बिनभाड्याचं राहतंय,
केव्हापासून, ठाऊक नाही.
आईकडूनच आलं असेल. तिच्या वेळी
कुठली सुई नि कुठलं काय.

उजव्या मांडीत उसनं बळ,
परक्या रक्तात तयार झालेलं, काही महिने पुरणारं.
डाव्या मांडीत धडा.
"यात विषाणू नाही गं," सिस्टर म्हणाल्या,
"नुसता त्याचा अंगरखा. आत कुणी नाही.
हिचं रक्त तो बघून ठेवील,
खरा आला की ओळखून हाकलील."

तुझा बाप बेकरीतून थेट आलेला, कोपरापर्यंत मैदा.
त्यानं विचारलं, अंगरखा शिवतं कोण?
"यीस्ट. तुमचंच."
त्या रात्रीत तो पहिल्यांदा हसला.
कॅम्पातल्या परातीत जे पाव फुगवतं
त्याचंच भावंड कुठल्याशा टाकीत
असले रिकामे अंगरखे विणतं,
हे त्यानं तीनदा वदवून घेतलं.

मग त्याचंही रक्त तपासलं, बाही वर करायला लावली.
आज एक, महिन्यानं एक, सहाव्या महिन्यात एक.
शालनवन्सं म्हणाल्या, मी डायलिसिसच्या खोलीत
फरशी पुसते फक्त.
"कचऱ्याच्या पिशवीतली सुई
विचारून टोचते होय?"
त्यांनीही दंड पुढे केला.

मला नाही. चोर आत शिरल्यावर
कुलूप घेऊन काय करायचं?
मला तपासण्या, लागल्या तर गोळ्या.

सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं होतं.
"ताटानं काही होत नाही, मावशी.
ब्लेड वेगळं ठेवा, ब्रश, नेलकटर.
आणि तू, पाज तिला."
मी पाजलं.

सहा आठवडे, दहा, चौदा.
तुझं कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये आहे.
वर्षाच्या आत तुझं रक्तच सांगेल
धडा पाठ झाला का ते.

बाराव्या दिवशी सोनार आला कान टोचायला.
ताट अजून वेगळंच होतं माझं,
पण सासूबाईंनी त्याला उंबऱ्यावरच अडवलं:
"सुई नवी आहे ना?
फोड पुडी. माझ्यासमोर फोड."