पाणी कुठवर आलं होतं

रविवारी दहाला, नाशिकरोडला,
सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही खरं लिहायला बसतो.
सात जण. एक सतरंजी, तीन खुर्च्या,
त्या वयाप्रमाणे नाही, गुडघ्यांप्रमाणे.

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं,
निसर्गरम्य चालणार नाही.
अविस्मरणीय तर नाहीच.
विसरला नसाल, तर काय ते सांगा.

निवृत्ती खैरनार, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त.
नावावरचा विनोद त्यांनी स्वतःच उरकून घेतला.
चौतीस वर्षं पैसे मोजले, घरी फक्त पगार आणला.
म्हणाले, बाई, आतलं लिहिता येत नाही, शपथ आहे.
मग फाटकाबाहेरचं लिहा, म्हटलं.
तीन आठवड्यांनी अर्धं पान आलं:
रोज सुटताना झडतीला हात वर करायची सवय,
आणि एकदा भाचीच्या लग्नात, मांडवाच्या दारात,
अत्तर लावायला उभ्या असलेल्या पोरीसमोर
त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.
खाली लिहिलं होतं, असे असते जीवन.
ते मी खोडलं.
त्यांनी पुन्हा लिहिलं.
मी पुन्हा खोडलं.

सिंधू गांगुर्डे सिव्हिलमध्ये नर्स,
रात्रपाळी करून थेट येतात.
त्यांचा पहिला लेख चार ओळींचा.
२.१० पाणी मागितलं.
२.४० परत मागितलं.
३.०५ मागितलं नाही.
३.०६ डॉक्टरांना फोन.
मी लाल पेनचं टोपण लावून ठेवलं.

आणि आफरीन अत्तार, भद्रकालीची, अकरावीत.
कुणी काही वाचलं की तिचा एकच प्रश्न,
कशावरून?
हा प्रश्न मीच शिकवलाय तिला.

तर, माझं एक ठरलेलं उदाहरण आहे.
पूर आला, असं लिहू नका.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, की कमरेला, की गळ्याला?
अख्खं नाशिक असंच मोजतं, तुम्हीही मोजा.
आणि मग, आवाज जरा खाली आणून,
माझा जन्म झाला त्या रात्री मारुतीच्या गळ्याशी पाणी होतं.
आई माहेरी, पंचवटीत. वडील अलीकडे,
होळकर पुलाच्या तोंडाशी, रात्रभर भिजत.
सकाळी पाणी उतरलं तेव्हा पोचले.
वीस वर्षं सांगतेय.
दरवेळी खोली गप्प होते.

आफरीननं माझी जन्मतारीख विचारली.
मला वाटलं, शुभेच्छा द्यायच्या असतील.

पुढच्या रविवारी ती आली
तेव्हा तिच्या ओढणीला वाचनालयाची धूळ होती.
मोबाईलमध्ये जुन्या वर्तमानपत्राचं पान,
कोपरा वाळवीनं खाल्लेला, मजकूर शाबूत.
बाई, म्हणाली, अगदी अदबीनं,
त्या आठवड्यात पाऊसच नव्हता.
पात्र कोरडं. पाणीकपातीची बातमी आहे.
पूल चालू होता.

खैरनार खिडकीतून रस्त्याकडे बघू लागले.
मी म्हटलं, आईनं सांगितलं होतं मला.
आईला कुणी सांगितलं? आफरीन.
वडिलांनी.

पंखा फिरत होता.
सातही जणांना एकदमच कळलं असावं
की आता कोणता प्रश्न उरतो,
आणि त्या पोरीनं, जिनं आजवर कुणाला सोडलं नव्हतं,
तो विचारला नाही.
फक्त स्वतःची वही माझ्याकडे सरकवली,
कोरं पान काढून.

मी खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसले.
लिहिलं:
त्या रात्री मारुतीच्या पावलांनाही पाणी लागलं नव्हतं.

सिंधूताईंनी सवयीनं घड्याळ पाहिलं
आणि काहीतरी टिपलं.
नंतर मागून घेऊन वाचलं मी.
११.२० बाईंनी एक वाक्य लिहिलं.
११.४० दुसरं अजून नाही.