बाकी शून्य आली तर

दोनचा शंभरावा घात.
लिहायला बसलं तर एकतीस आकडे होतात.
पण लिहायला कुणी सांगितलंय?
विचारलंय एवढंच, की शेवटी एकक स्थानी कोण बसलंय.
बाकीचे तीस जण असतील आपापल्या घरी,
त्यांना उठवायचं नाही.

हर्ण्याच्या बर्फ कारखान्यात रात्रपाळीला
मी पावत्या फाडते.
लाद्या किती, नावेचं नाव, तांडेलाची सही.
दोन टेम्पोंच्या मधल्या वेळात
पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर गणितं सोडवते.
गारठ्यानं पेन अडतं.
तोंडाजवळ धरून फुंकर मारली
की चार ओळी चालतं.

दर्वेश सर जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते.
आता मशिदीमागच्या ओट्यावर आम्हा सात जणांना शिकवतात,
फी म्हणून कधी सोडे, कधी नुसतं ‘बघू पुढच्या महिन्यात’.
ते म्हणतात, आधी आकड्यांचे स्वभाव ओळखा.
शून्य, एक, पाच, सहा,
हे स्वतःशी कितीदाही गुणले तरी तेच तोंड घेऊन परत येतात,
आपल्या वाडीतल्या पंचांसारखे.
चार आणि नऊ दोन पावलांत फिरतात.
दोन, तीन, सात, आठ यांना चार लागतात,
मग पुन्हा पहिल्यापासून.

चारच का, सर?

सरांनी मान बंदराकडे वळवली.
भरती, ओहोटी, भरती, ओहोटी. झाला की नाही दिवस?
मग स्वतःच हसले.
हे काही कारण नव्हे हां पोरी,
पण परीक्षेत कारण विचारत नाहीत.

मागच्या वर्षी रत्नागिरीच्या सेंटरवर
हाच दोन आला होता, हाच शंभर.
चारने भागलं, पंचवीस वेळा गेला,
बाकी शून्य.
शून्य म्हणजे काही घडलंच नाही,
घातच नाही, म्हणून एक,
असं मनाशी म्हणत मी एकवर क्लिक केलं.
गुण गेला, वर पाव गुण दंड.
यादी लागली तेव्हा मी एका गुणाने मागे.
घरी सांगितलं, पेपर कठीण होता.

परवा पहाटे हसुराम पावशाची ‘जलकन्या’ आली.
साठ लाद्या नेल्या होत्या, पाच दिवसांपूर्वी.
खणात बर्फाचं पाणी
आणि त्यात तरंगणारी एक प्लास्टिकची बाटली.
काय मिळालं, विचारलं.
हिशोब करून सांगू? म्हणाला. बाकी शून्य.
आणि कारखान्याच्या नळाखाली हात धरून उभा राहिला.
दोरानं तळव्याची सालं निघाली होती.
डिझेल जळलेलं, दोन खलाशी टेम्पोच्या हौद्यात
तसेच आडवे झालेले.

मी पुठ्ठ्याकडे बघितलं.
दोन, चार, आठ, सहा.
दोन, चार, आठ, सहा.

हा माणूस बंदरातून हललाच नाही, असं कसं लिहायचं?
गेलाय, जाळं सोडलंय, ओढलंय, आलाय.
बाकी शून्य म्हणजे फेरी पुरी झाली,
आणि पुरी झालेल्या फेरीचा शेवटचा आकडा असतो,
चौथा.
सहा, गाढवे.
सहा.

हे मी मोठ्याने बोलले असणार,
कारण हसुराम म्हणाला, सहा नको गो, साठ.
उतरती लागायच्या आत निघायचंय.

मी पान उलटलं.
पावती क्रमांक चार हजार शहाण्णव.
दोनचा बारावा घात.
त्याला काय सांगणार?
लाद्या साठ, नाव जलकन्या.
इथे सही कर, म्हटलं,
आणि हात पुसून कर, कागद भिजतो.