शीग

हेलवीच्या नावापुढचा चौकोन लाल झालाय.
सतरा मिनिटांच्या भेटीला एकेचाळीस.
या महिन्यात सहाव्यांदा, त्याच दारावर:
ताउनो, वय अठ्ठ्याऐंशी, केमी, दुसरा मजला.

सतरा हा आकडा मीच काढलेला.
गेल्या मे महिन्यात, हातात घड्याळ धरून
तीन दिवस तिच्या मागे मागे हिंडून:
गोळ्या, चार मिनिटं. घट्ट दाबाचे मोजे, सहा.
लापशी गरम करणं. सही.
जिना मी धरला नव्हता.
मे होता, त्यामुळे बर्फाचे बूटही नव्हते.

आता ती समोर बसलीय. खिडकीबाहेर
दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
मी पडदा तिच्याकडे वळवतो.
नखाजवळची साल ओढत ती बराच वेळ गप्प.
मग म्हणते, "त्याच्या रेडिओचं बटण सापडत नव्हतं."
एवढंच.
बटणाला माझ्याकडे रकाना नाही.
"इतर" आहे, तिथे तीन मिनिटांची सोय.

माझे वडील गिरणीवर राई मोजायचे.
माप शिगोशीग भरायचे, मग काठावरून
एक गुळगुळीत काठी फिरवायचे, सर्रकन.
शीग पाडली की माप खरं, म्हणायचे.
खाली सांडलेली राई कोणाची, मी विचारलं होतं.
ते हसले, आणि झाडू माझ्या हातात दिला.

यार्कोचा चौकोन हिरवा आहे. सरासरी चौदा.
डिसेंबरात त्याला बक्षीस मिळालं,
कागदावर सही माझी.
जानेवारीत त्याच्या यादीतल्या एका बाईच्या
पिंढरीवर मोज्याचा वळ निघाला, तीन दिवसांचा, जांभळा.
आकडा खोटा नव्हता.
दार चौदा मिनिटांनीच बंद झालं होतं.

मापात पाप म्हणतात ते
कमी भरणाऱ्या हाताबद्दल, असंच मी समजत आलो.
काठी धरणाऱ्या हाताचं
कुणी काही बोललंच नव्हतं.

चारला यादी औलूला जायची आहे.
लाल पुसायचं बटण माझ्याकडेही नाही,
असलं तरी दाबलं असतं का, ठाऊक नाही.
"सापडलं का शेवटी?" मी विचारतो.
"नाही. बातम्या मीच वाचून दाखवल्या.
हवामानाला तो हसला."

मी वही ओढतो. कागदाची, रेघांची.
"त्या जिन्याला पायऱ्या किती?"
"चौतीस," ती म्हणते,
क्षणभरही न थांबता.