टोक

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, बंद वजनकाट्याशेजारी
तो पुढचे पाय टेकून उभा होता, घोड्याशिवाय.
तीन अ‍ॅक्सल, बारा टायर,
त्यांतले चार रिमोल्ड, एकाची तर नुसती चिंधी.
दलजीत म्हणाला, बादशहा आहे.
बादशहाच्या अंगावर चार दिवसांपूर्वीचा रंग होता.

मी हातोडी खिशात घालूनच गेलो होतो.
शेपटाकडून वाजवत आलो,
ठण, ठण, ठण,
आणि मानेपाशी, जिथे गर्डर वाकून वर चढतो,
भद्द.
दलजीत चहा सांगायला गेला.
तेवढ्यात मी मनातल्या मनात दीड लाख कमी केले,
आणि त्याने, परत येता येता, एक.

दारूखान्यात गयास मिस्त्रीने ग्राइंडर लावला.
रंग गेला, रंगाखालची लांबी गेली,
लांबीखाली कुणाचं तरी घाईचं वेल्डिंग,
शेणाने सारवल्यासारखं,
त्याखाली भेग. वीतभर. केसाएवढी.

भरून टाका, म्हटलं.
भरायचं नंतर, शेठ. आधी ती संपते कुठे ते बघू.
रॉकेल लावलं, पुसलं, वर खडू फासला.
पांढऱ्यावर ओली रेघ उमटत गेली
माझ्या अंदाजापेक्षा चार बोटं पुढे.
तिथे, अगदी शेवटाला, त्याने ड्रिल टेकवलं.
तुटलेल्याला आणखी भोक?
टोकच ठेवायचं नाही, म्हणाला.
टोक असलं की ती पळते.

रॉड चहाच्या स्टोव्हवर शेकत होते.
दमट रॉड खोटं धरतो म्हणे.
बोटभर शिवायचा, थांबायचा,
तळहात वरच्या वर धरून ऊब बघायचा.
ते एक भोक मात्र उघडंच ठेवलं.

मग कमानी, लायनर, हबचं ग्रीस,
साबणाचं पाणी लावून शोधलेला हवेचा पाइप.
चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतला;
त्यातला एक आकडा पाच की सहा
यात आरटीओत अख्खा दिवस गेला.

पहिलं भाडं भिवाचं आलं.
भिवा माझा मोठा भाऊ.
तीन वर्षं आम्ही चेंबूरच्या एकाच जिन्यावरून
वेगवेगळ्या वेळी उतरतो.
पोकलेन त्याच्या वाट्याला गेलं, हप्ते माझ्या.
फोन त्याच्या ऑपरेटरने केला.

माहुलला एकवीस टन लोखंड रॅम्पवरून चढलं
तेव्हा दोघेही मानेकडे कान लावून.
काही वाजलं नाही.
एका बाजूची साखळी तो आवळत होता, दुसरी मी.
वाकून त्याने भोकावर बोट ठेवलं.
हे कशाला?
मी गयासचं वाक्य सांगायला गेलो,
मागून टँकरवाल्याने हॉर्न दाबला, ते अर्धंच राहिलं.

भाडं त्याने रोख दिलं, थुंकी लावून मोजून.
पन्नास कमी पडले.
देतो, म्हणाला.
ते मी वहीत लिहिलेले नाहीत.