लेफ्टनंटचे मोजे

रात्री दुकान उघडं ठेवायची पाळी माझी होती.
कोनित्सात अपरात्री औषधाला येतं कोण?
एखादा दाढ धरून, एखादी तान्ह्याला घेऊन.
म्हणून काउंटरमागे ते पुस्तक घेऊन बसले,
शेवटची चाळीस पानं न वाचताच
ज्याच्यावर शाळेत निबंध लिहिला होता
आणि विसापैकी सतरा गुण उकळले होते.

वाचनालयाची प्रत. आधीच कुणीतरी
पेन्सिल घेऊन बागडून गेलेलं.
'तुझ्याशिवाय हा डोंगर नुसता दगड आहे' : खाली दोन रेघा.
'मी वाट पाहीन' : तीन, आणि समासात एक फूल.
मला हसू आलं,
पन्नाशी उलटलेल्या बाईला येतं तसं, नाकातून.

सांगूनच टाकते, लेफ्टनंट मला आवडला नाही.
फार बोलतो. मरणाबद्दल तर
लोक जेवणाबद्दल बोलतात तेवढ्या चवीनं.
आणि ती शिक्षिका, तीनशे पानं खिडकीशी उभी.
तिला सर्दी होत नाही, तिची चूल विझत नाही,
वर्गातली पोरं कुठे गेली
ते लेखक विसरलाच.

आणि मोजे!
मी औषधवाली, माझं लक्ष पायांकडे.
डिसेंबर, पिंदोसचा घाट, कमरेएवढं बर्फ,
आणि लेफ्टनंटचे मोजे पानोपानी कोरडे.
माझे वडील त्या हिवाळ्यातून
सहा बोटांवर चालत घरी आले.
उन्हात पाय पसरून बसले की आम्ही पोरं मोजायचो,
आणि सहावर अडलो की ते म्हणायचे,
'बाकीची अल्बेनियात आहेत.
जरा मोठ्यानं हाक मारा.'

मग पान एकशे अठ्ठ्याण्णव. एकच वाक्य:
'पाठीवर पेट्या बांधलेल्या, काळ्या कपड्यांतल्या बाया
घाट चढत होत्या, शेळ्यांसारख्या शांत.'
परिच्छेद संपतो. लेफ्टनंट पत्र उघडतो.

समोरच्या घरातली लाम्ब्रिनी होती त्या रांगेत.
अजूनही रक्तदाबाची गोळी न्यायला येते तेव्हा
दारातून आधी तिचा डावा खांदा येतो, मग ती.
सकाळी तिला वाक्य वाचून दाखवलं.
'शांत? अगं एव्हान्थिया, अख्खा घाट शिव्या घालत चढलो.
इटालियनांना, बर्फाला,
आणि पेट्या इतक्या गच्च भरणाऱ्या त्या मेल्याला.'
'आणि प्रेम?' मी विचारलं.
'होतं की,' ती म्हणाली. 'बूट नव्हते.'

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं.
मत तयार होतं, धारदार, चारचौघांत सांगण्याजोगं.
पण पुढची पाळी नऊ दिवसांनी आली
आणि ती चाळीस पानं राहिली होती.

शिक्षिकेकडे तिचीच पत्रं परत येतात,
बुटाच्या नाडीनं बांधलेली, न फोडलेली.
ती रडत नाही.
एकेक फोडते, टेबलाशी बसते,
आणि लाल शाईनं स्वतःच्या
शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करते,
वेलांट्या, स्वल्पविराम, सगळं,
रात्रभर, जणू सकाळी वही परत द्यायची आहे.

त्या लाल शाईनं मला गाठलं.
साडेतीनला घंटी वाजली. पोरीच्या तापाचं औषध
मागायला आलेला थोमास माझा चेहरा बघून दचकला.
'कुणी गेलं का?'
'हो,' मी म्हटलं, 'एक लेफ्टनंट.'
आणि बाटली देताना, का कोण जाणे, म्हणाले,
'माझं काही फारसं पटत नव्हतं त्याच्याशी.'

नंतर लक्षात आलं, त्या चाळीस पानांत
पेन्सिलीची एकही रेघ नाही.
फूलवाली माझ्यासारखीच, निबंधापुरती?
की तिचा हातच उचलला नसेल?

पुस्तक दोन दिवस उशिरा परत केलं, दंड भरला.
त्याआधी एकशे अठ्ठ्याण्णववर, समासात लिहिलं,
'शांत नव्हत्या.'
डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात त्या अक्षरात,
म्हणजे सहजी कुणाला लागणार नाही.
लागलंच तर
एखाद्या औषधवालीला.