बटणांचा फोन

अठरा जूनच्या रस्त्यावर, खांडेपारकरांच्या दुकानात
काचेखाली सगळे फोन उताणे झोपलेले.
बाबांनी एकावर बोट ठेवलं.
काही झालं नाही.
पुन्हा ठेवलं, जरा दाबून,
दोर टाकण्याआधी धक्क्यावरचा खुंटा चाचपावा तसं.
काच ढिम्म.

एकतीस वर्षं चोडणच्या फेरीवर दोर ओढलेत हो,
मी म्हटलं, बोटांना ठसेच उरले नाहीत.
रेशनच्या मशीनलाही ती पटत नाहीत.
यांना बटणांचा दाखवा.

तो खालच्या खणात होता.
धूळ पुसून दिला. पंधराशेला.
कॅमेरा आहे, पण नसल्यासारखा.
टॉर्च आहे, रेडिओ आहे,
एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको.
आणि पडला तर?
"पडला तर फरशीची काळजी घ्या," खांडेपारकर म्हणाले,
आणि बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.
कानाला लावलाच नाही.
तळव्यावर तोलला,
बांगडा ताजा आहे का बघतात
तसा कडेनं दाबून पाहिला.
"जाता," म्हणाले. म्हणजे चालेल.

परतताना फेरीत, रायबंदरचा धक्का सुटल्यावर
मी एकेका बटणात एकेक माणूस भरू लागले.
दोन मी, तीन डॉक्टर...
"राव गो."
दोनवर फटी पाडेली. नारळ डोक्यात पडायला आलेत.
तीनवर रुझार पोदेर. त्याचा भोंगा हल्ली ऐकू येत नाही.
(भोंगा वाजत नाही, की तुम्हाला येत नाही,
हे मी विचारलं नाही.)
चारवर वीजखातं.
आणि मी?
"तूं पांचार."
वीजखात्यानंतर.
मी खारफुटीकडे बघत बसले,
हजेरीत नाव विसरलेल्या मुलीसारखी.

आता बांबोळीला माझी रात्रपाळी असली की
दहाच्या सुमाराला खिसा थरथरतो.
एक रिंग. बंद.
उचलू नकोस म्हणतात, पैसे जातात.
कुठले पैसे, मी सांगून थकले.
एक म्हणजे जेवलो.
दोन म्हणजे गोळी घेतली.
तीन अजून ठरलेलं नाही.
जुन्या फेरीत वरून खाली इंजिनघरात
अशीच घंटा द्यायचे म्हणे,
एक टोल पुढे, दोन टोल थांब.
इंजिनाच्या आवाजात शब्द बुडतात,
टोल बुडत नाहीत.

परवा घरी गेले तर वीज गेलेली.
टॉर्च लावायला त्यांचाच फोन उचलला
आणि अंधारात अंगठ्याखाली आला
तिळाएवढा उंचवटा.
एकाच बटणावर, बरोब्बर मधल्या.
बाकीची फिरून फिरून चाचपली.
फटी गुळगुळीत, रुझार गुळगुळीत,
वीजखातंही गुळगुळीत.

टॉर्च लागला.
बाबा, डोळ्यांना नीट दिसतं ना?
"दिसता मगो," ते म्हणाले,
मी मघाशी उभी होते
त्या दाराकडे बघून.

सकाळच्या पहिल्या फेरीनं जाऊ दोघं.
माणसांना तिकीट नसतं.