लाल गाठ

एक तारखेपासून गाडी वर येणार नाही.
म्हणजे गाडी कधीच वर येत नव्हती,
द्रुपदा यायची.
तीन मजले, बारा दारं, लिफ्ट नाही,
कोपरखैरण्यात सिडकोनं बांधलं तेव्हापासूनचं.

नोटीस जिन्याखाली, मीटरच्या पेटीवर:
ओला हिरव्यात, सुका निळ्यात,
घातक लालमध्ये, तोही फक्त शनिवारी.
सात दहा ते सात वीस. स्वतः खाली आणून द्यावा.
बादलीवर एक चौकोन डकवून गेलेत,
मुंग्या रांग विसरल्या तसा, काळा-पांढरा.
तो दाखवला की घर मोजलं जातं.

मी ब्लाउज शिवते.
माझा कचरा म्हणजे चिंध्या,
अस्तराचे तिरपे तुकडे,
बाहीच्या गोलाईतून उरलेल्या कोयऱ्या.
ओला नाही. सुका म्हणावा तर
सेक्रेटरी शिर्के म्हणतात, "वर्गवारी बघून सांगतो."
दोन आठवडे झाले. बघतायत.

द्रुपदाला वर्गवारी विचारावी लागत नसे.
चिंध्या बाजूला काढून
ती बोटांना गुंडाळायची,
एकेका बोटाला माझं एकेक गिऱ्हाईक.
ठेकेदार हातमोजे देत नाही का गं?
"देतो की. फोटो काढायच्या दिवशी."

एकदा माझ्या मशीनची मोडकी सुई
तिच्या अंगठ्यात गेली. काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी बादली डाव्या हातानं उचलली,
तेवढंच.
मग मी सुया, ब्लेडं, फुटकी बरणी
कागदात गुंडाळून वर 'काच' लिहायला लागले.
पाच-सहा दिवसांनी म्हणाली,
"ताई, ते काळं काय काढता वो त्याच्यावर?"
तेव्हापासून लाल चिंधी. दोनदा गाठ.
आमच्या दोघींतला नियम,
कुठल्या ठरावात नसलेला.

तिला सगळं ठाऊक असायचं.
चहाचा चोथा कमी झाला की "मालक गावाला गेले?"
गोळ्यांची रिकामी पाकिटं वाढली
ती माझ्या लेकाच्या आधी तिनं मोजली.
तळमजल्यावर भोइट्यांकडच्या बाटल्या बंद झाल्या
हे तिनं जिन्यात पेढा द्यावा तसं सांगितलं.
(पुन्हा सुरू झाल्या ते नाही सांगितलं.
ते मी पाहिलं.)

आता ठेका बदललाय.
तिला तुर्भ्याला लावलंय म्हणे,
पट्ट्यावरून येईल ते निवडायला.
अख्ख्या शहराचं येतं तिकडे.
कुणाच्या घरी काय चाललंय, कसं कळणार तिला.

आज पहिल्यांदा उतरले.
गाऊनवर ओढणी, दोन बादल्या, वर पुडी.
खाली सगळी बिल्डिंग आपापलं झाकून उभी.
भोइटे माझ्या बादलीकडे बघेनात, मी त्यांच्या.

गाडीवरचा पोरगा विशीतला, कानात वायर.
हिरवी ओतली, निळी ओतली,
लाल गाठीची पुडी हातात घेऊन थांबला.
शनिवार नव्हता.
"जपून" म्हणणार, तोवर त्यानं ती
न दाबता, अंडं ठेवावं तशी
ड्रायव्हरच्या मागच्या डब्यात ठेवली.
"तुला कुणी सांगितलं रे?"
गाडीवर स्वच्छतेचं गाणं मोठ्यानं लागलेलं.
त्यानं ओठ हलवले.
दोन अक्षरं की तीन, कळलं नाही.
गाडी पुढच्या गल्लीत वळली.

वर आले तर फोनवर निरोप:
आपला कचरा मिळाला. धन्यवाद.
बादलीचं झाकण मात्र खालीच राहिलेलं.
पुन्हा उतरले, पुन्हा चढले,
दुसऱ्या मजल्यावर जरा टेकले.
पायरीच्या फटीत हळदी रंगाचा धागा अडकलाय.
कुणाच्या ब्लाउजचा,
आठवेना.